चित्रातला केस

नळकांड्यातून कागद बाहेर काढला, टेबलावर पसरला, चारी कोपऱ्यांवर पुस्तकं ठेवली आणि सगळ्यात आधी नजरेत भरला तो एक केस. चित्राच्या उजव्या अंगाला, मधल्या फिकट पट्ट्यावर, करंगळीच्या नखाएवढा, टोकाशी किंचित वळलेला. माझाच पडला असणार म्हणून फुंकर मारली. हलला नाही. कागदासोबत पातळ सुती हातमोजे आले होते, ते घालून बोटानं हळूच सारून पाहिला, तरी नाही. मग उजव्या हाताचा मोजा काढला आणि नखाच्या कडेनं तो उचलायला गेले. नख कागदावरून घसरलं, केस होता तिथेच राहिला, आणि तेव्हा उमगलं की तो कागदावर पडलेला नाहीच, छापलेला आहे. कुणाच्या तरी खोलीत, ओल्या रंगात, कधीतरी तो पडला होता. रंग वाळला, केस आत अडकला, चित्राचा फोटो निघाला आणि शाईच्या बारीक थेंबांनी डोंगर-आभाळाबरोबर त्याचीही छबी तितक्याच निष्ठेनं उतरवली. केस गेला नाही, पण नखाची खूण मात्र राहिली. चमक नसलेल्या अशा कागदाचा पृष्ठभाग फार हळवा असतो. शाई वरच्या पातळ लेपात मुरलेली असते आणि तो लेप घासला गेला की तेवढीच जागा चकचकीत होते. समोरून काही दिसत नव्हतं. कागद उजेडाला तिरका धरला की केसाशेजारी एक बारीक रेघ चमकून जायची.

तीन दिवस मी ते चित्र घरात कुणाला दाखवलं नाही.

खरं तर त्याची वाट मी कितीतरी महिने पाहिली होती. पहिल्यांदा ते फोनच्या पडद्यावर दिसलं तेव्हा मी दुसरंच काही शोधत होते. खाली गडद, मातकट हिरव्या रंगाचा जाड थर, पॅलेट नाइफनं, म्हणजे रंग लावायच्या चपट्या सुरीनं, लोण्यासारखा ओढलेला. त्याच्यावर एक फिकट पट्टा, धड पिवळा नाही, धड करडा नाही, पहाटे खिडकीच्या काचेवर असतो तसा. आणि मग वर नुसता विस्तार, राखाडी आणि निळसर, त्यात डावीकडे एक गंजलेली रेघ. झाड नाही, घर नाही, वाट नाही. तरीही पाहताक्षणी वाटलं की मी इथे जाऊन आले आहे. मी ते चित्र जपून ठेवलं आणि मग रात्री दिवा मालवल्यावर पुन्हा पुन्हा उघडून बघू लागले. मूळ चित्र कॅनव्हासवरचं, पाच फूट रुंद, आणि ते केव्हाच कुणाच्या तरी घरी गेलेलं. त्याचे तीस प्रिंट निघणार होते, चित्रकर्तीच्या देखरेखीखाली, तिच्या सहीचे. सुती कागद, पिग्मेंटची शाई, चित्राची रुंदी साठ सेंटिमीटर. ती साठ सेंटिमीटर मी घरातल्या भिंतीवर टेपनं मोजली, पेन्सिलीनं चार खुणा केल्या आणि त्या रिकाम्या चौकटीकडे बरेच दिवस पाहत राहिले. पाच फुटांचं आभाळ दोन फुटांत आणलं तर त्याचं काय होईल, ही धास्ती होती. मोठ्या चित्रासमोर माणूस उभा राहतो तेव्हा कडा नजरेबाहेर जातात आणि आपण आत शिरतो. लहान चित्रापुढे आपण बाहेरच असतो, खिडकीशी असल्यासारखे.

पण खिडकीशी माझं जुनं नातं आहे. लहानपणी एका लांबच्या रेल्वे प्रवासात मला पहाटे फार लवकर जाग आली होती. डब्यात सगळे झोपलेले, काच धुळीनं आणि दवानं माखलेली. बाहेर उजाडत होतं, पण अजून कशालाच नाव नव्हतं. खाली काळपट, मधे उजेडाची एक चिंचोळी फट, वर करडं. ते पट्टे मागे पळत होते, मधूनच एखादा जाड व्हायचा, एखादा विरायचा. ती मधली फट पाणी आहे की धुकं की नुसतं लांबचं शेत, ते मला ओळखता येत नव्हतं आणि ओळखायची घाईही नव्हती. मग सूर्य वर आला, शेत शेत झालं, विजेचे खांब विजेचे खांब झाले आणि माझ्या पोटात काहीतरी बारीकसं तुटल्यासारखं झालं. ती पाच-दहा मिनिटं मी कुणाला सांगितली नाहीत. सांगायला शब्दच नव्हते. काय पाहिलंस असं कुणी विचारलं असतं तर काय सांगणार होते, पट्टे?

शाळेत मात्र ज्याला देखावा म्हणायचे तो प्रकार पक्का ठरलेला होता. दोन त्रिकोणी डोंगर, मधे अर्धा सूर्य, त्याचे किरण फूटपट्टीनं ओढलेले. डोंगरातून निघालेली नदी खाली येता येता रुंद व्हायची, काठाला एक झोपडी, बाजूला एक झाड आणि आभाळात चारच्या आकड्यासारखे पक्षी. सगळ्या वर्गाचा देखावा एकच. त्यातला एकही डोंगर आमच्यापैकी कुणी पाहिलेला नव्हता, पण तो यायचा म्हणजे यायचाच. मी एकदा वर्गात ते पट्टे काढले होते, खडू आडवा धरून, एकावर एक. बाईंनी वही उचलून पाहिली आणि अगदी प्रेमानं विचारलं, अजून पूर्ण व्हायचंय ना? मी हो म्हणाले आणि त्यावर दोन डोंगर काढले. बाईंवर माझा राग नाही. ज्या चित्राला नाव देता येत नाही ते अपुरं आहे, असं तेव्हा मलाही वाटलं होतं. पण ती पट्ट्यांवर चढवलेली डोंगरांची रेघ अजून हाताला आठवते.

म्हणून रशियन चित्रकार कांडिन्स्कीच्या आठवणींतला एक प्रसंग वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते. १८९६ साली मॉस्कोत फ्रेंच चित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. कायदा शिकलेला, तिशीच्या उंबरठ्यावरचा हा माणूस तिथे फ्रेंच चित्रकार मोनेच्या एका चित्रासमोर उभा राहिला आणि ते कशाचं आहे हे त्याला कळेना. यादीत पाहिलं तेव्हा समजलं, गवताची गंजी. आधी तो अस्वस्थ झाला, चित्रकाराला इतकं अस्पष्ट रंगवायचा हक्क नाही असंही त्याला वाटलं. पण ते चित्र मनातून जाईना, डोळ्यांपुढे बारकाव्यांसकट तरळत राहिलं. त्याच वर्षी कायदा सोडून तो चित्रकला शिकायला म्युनिकला गेला. पुढे तिथेच एका संध्याकाळी काम करून परतताना त्याला आपल्या खोलीत एक विलक्षण सुंदर चित्र दिसलं, ज्यात कसलीच वस्तू ओळखू येत नव्हती. जवळ जाऊन पाहतो तर त्याचंच चित्र, भिंतीशी आडवं टेकवलेलं. दुसऱ्या दिवशी उजेडात तो पुन्हा तेच पाहायला गेला आणि जमलं नाही. आडवं ठेवूनही वस्तू ओळखू येत राहिल्या आणि संध्याकाळचा तो झिलईदार उजेडही नव्हता. मला या गोष्टीतला दुसरा दिवस जास्त जवळचा वाटतो. लोक पहिली संध्याकाळच सांगतात.

आपल्याकडे या सगळ्याला सरसकट अमूर्त म्हणतात, पण चित्रकार वासुदेव गायतोंडे स्वतःच्या कामाला तो शब्द लावत नसत, नॉन-ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे कुठल्याच वस्तूचं नसलेलं, म्हणत. रोलर आणि पॅलेट नाइफनं रंग लावत, खरवडत, पुन्हा लावत त्यांनी जे केलं त्यात लोक समुद्र पाहतात, धुकं पाहतात, आणि मीही पाहते. त्यांना ते मान्य झालं नसतं हे ठाऊक असूनही पाहते. चित्रकार राम कुमारांचा रस्ता मला अधिक कळतो. १९६० च्या सुमारास ते वाराणसीला गेले आणि त्यांच्या चित्रांतून माणसं निघून गेली. आधी घाट आणि घरं उरली, मग घरांचे ठोकळे, मग नुसते उतार आणि पृष्ठभाग. जागेवरून नाव पुसून टाकलं तरी जागा उरते, एवढं त्या चित्रांपुढे उभं राहिल्यावर मला जाणवलं होतं. मी विकत घेतलेलं चित्रही त्या जातीचं. त्याला शीर्षक नव्हतं, फक्त एक क्रमांक.

आता प्रिंटविषयी थोडं, कारण त्या तीन दिवसांत मी हेच वाचत बसले होते. या छपाईला जिक्ले असं एक नाव आहे. १९९१ साली जॅक डुगान नावाच्या छपाई कारागिरानं ते शोधलं, फवारा मारणं या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून. ज्या आयरिस यंत्रावर ही कामं सुरू झाली ते मुळात छापखान्यात मोठ्या छपाईआधीचे नमुने काढण्यासाठी बनवलेलं. त्या सुरुवातीच्या रंगद्रवी शाया लवकर उडायच्या, म्हणून पुढे पिग्मेंटच्या शाया आल्या, ज्यांत रंग विरघळलेला नसतो, त्याचे कण असतात. आज चांगल्या यंत्रात दहा-बारा रंगांच्या शाया असतात, त्यात काळ्या आणि करड्याच तीन-चार. चमक नसलेल्या कागदासाठी काळी शाई वेगळी. कागद कापसाच्या धाग्यांचा, आम्लविरहित, कारण लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन कागदाला कालांतरानं पिवळं आणि ठिसूळ करतं. माझा कागद चौरस मीटरला ३०८ ग्रॅमचा. हे आकडे वाचताना काही वाटत नाही, पण तो कागद हातात धरला की कळतं. तो सळसळत नाही. टेबलावर टेकवला की जाड सुती कापड ठेवल्यासारखा दबका आवाज येतो. कडेला बोट लावलं तर अगदी बारीक लव लागते.

आणि तरीही ती प्रतच. हा सल काही केल्या जाईना. खाली डावीकडे पेन्सिलीनं ११/३० लिहिलेलं, उजवीकडे सही. हा आकड्यांचा रिवाज तांब्याच्या पत्र्यावरून आणि दगडावरून चित्रं छापायच्या काळापासूनचा. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली रेघ दर छाप्यागणिक थोडी थोडी झिजते, म्हणून मोजकेच छापे काढायचे आणि कितवा कुठला ते लिहायचं. तिथे मर्यादा धातू घालून देत होता. शाईच्या फवाऱ्यात झिजणारं काहीच नाही. तिसावा प्रिंट पहिल्याइतकाच धारदार, आणि तीनशेवाही तसाच निघाला असता. मग तीसवर थांबवतं कोण? फक्त दिलेला शब्द. मी त्या पेन्सिलीच्या आकड्याकडे बराच वेळ पाहत होते. कुणीतरी यंत्र चालू असताना, फाइल तयार असताना, हात आवरणार आहे, आणि त्या भरवशावर मी पैसे मोजले आहेत. मला त्यात फसवणूक दिसली नाही. उलट वाटलं, या व्यवहारातली हीच एक गोष्ट यंत्राची नाही.

जपानी चित्रकार होकुसाईची ती प्रचंड लाट आठवली. १८३१ च्या आसपासचं ते चित्र म्हणजे मुळातच छापा. लाकडाच्या ठशांवरून निघालेले अनेक कागद, आणि त्यातला प्रत्येक अस्सल. पहिल्या छाप्यांत रेघ नाजूक आणि अखंड, ठसे झिजल्यावरच्या छाप्यांत ती तुटत गेलेली. लाटेमागच्या आभाळात ढगांची एक फिकी गुलाबी छटा होती, ती कित्येक प्रतींवरून उडून गेली आहे. तेव्हा त्या चित्राचं खरं आभाळ कुठलं, गुलाबी की कोरं? जगात बहुतेकांच्या मनात जे ठसलं आहे ते कोरं. आणि मूळ म्हणजे टिकाऊ असंही नाही. अमेरिकन चित्रकार मार्क रॉथकोनं हार्वर्ड विद्यापीठासाठी रंगवलेली भव्य चित्रं १९६४ साली भिंतीवर चढली आणि खिडक्यांतून येणाऱ्या उन्हानं त्यांतला किरमिजी रंग उतरत गेला, कारण त्यानं वापरलेलं लिथॉल रेड हे लाल रंगद्रव्य उन्हात टिकणारं नव्हतं. ती काढून ठेवावी लागली. कॅनव्हासला हात न लावता, प्रोजेक्टरमधून मोजूनमापून उजेड टाकून २०१४ साली ती पुन्हा मूळ रंगात दाखवली गेली. दिवा बंद केला की ती परत फिकट. हे वाचल्यावर मी टेबलावरच्या कागदाकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं. उजेडापुढे सगळेच सारखे हळवे.

चौथ्या दिवशी भाची आली.

तिला चित्र दाखवायचं ठरवलं नव्हतं, पण ती थेट त्या खोलीत गेली आणि टेबलावर हनुवटी टेकून पाहू लागली. वय वर्षं नऊ. मी दारात उभी. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, सूर्य कुठंय यात?" मी म्हटलं, नाहीये. ती म्हणाली, "मग हे पिवळं कुठून आलं?" मला उत्तर सुचलं नाही. ती स्वतःशीच म्हणाली, "मागे असेल. अजून वर आला नसेल." आणि लगेच बोट त्या पट्ट्यावर नेत विचारलं, "आणि हा केस कुणाचा?" मी तिचा हात वरच्या वर धरला. त्या धरण्यात जरा जास्तच जोर होता, ती दचकली. मग मी तिला सगळं सांगितलं, नखाचंही. कागद खिडकीशी नेऊन तिरका धरला आणि ती चकचकीत रेघ दाखवली. आईही मागे येऊन उभी राहिली होती. तिनं चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाली, "राहू दे की. तुझं आहे ना ते आता?" एवढं बोलून ती गेली. भाचीला रेघेत रस नव्हता, तिला केसाची काळजी लागली होती. ज्यांनी चित्र काढलं त्यांना हे माहीत आहे का, त्यांना सांगायला नको का, असं ती दिवसभर विचारत राहिली.

भिंग आणून आम्ही दोघींनी तो केस नीट पाहिला. साध्या डोळ्यांना एकसंध दिसणारी ती रेघ भिंगाखाली विरून गेली. उरले ते ठिपके, काळे, करडे, तपकिरी, मधेच एखादा निळा. शेजारचा लिंबाळा पट्टाही तसाच, फिकट ठिपक्यांचं धुकं. केस आणि आभाळ एकाच मालाचे. भिंग हळूहळू वर उचललं की ठिपके जवळ येत, एकमेकांत मिसळत आणि एका ठरावीक उंचीवर अचानक केस केस व्हायचा. भाचीनं ते दहा वेळा केलं. मीही केलं. त्या उंचीच्या अगदी अलीकडे, जिथे तो अजून काहीच नसतो, तिथे थांबावंसं वाटत होतं. पहाटेच्या त्या काचेशी थांबावंसं वाटलं होतं, तसंच.

रात्री मी चित्रकर्तीला पत्र लिहिलं. ज्यांच्यामार्फत प्रिंट घेतला त्यांच्याकडे पाठवलं, त्यांनी ते पुढे दिलं. तक्रार वाटू नये म्हणून तीनदा खोडून लिहिलं. चित्र किती आवडलं ते आधी, मग केसाचं. नखाची गोष्ट लिहू की नको हे ठरत नव्हतं, शेवटी लिहिली. पुढचे आठ-दहा दिवस काही आलं नाही, आणि मला उगाचच लाज वाटत राहिली, कुणाच्या घरी जाऊन कोपऱ्यातली धूळ दाखवून आल्यासारखी.

उत्तर आलं ते लांबलचक होतं. त्यांनी लिहिलं होतं की चित्राचे फोटो वॉर्निश लावायच्या आधी घेतात, कारण वॉर्निश लागलं की पृष्ठभाग उजेड परावर्तित करतो आणि रंग नीट टिपता येत नाहीत. दोन्ही बाजूंनी दिवे लावून, दिव्यांवर आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर चमक अडवणाऱ्या ध्रुवीकरणाच्या काचा चढवून, चित्राचे तुकड्या-तुकड्यांनी फोटो घेतले आणि मग जोडले. त्या दिवशी केस कुणाच्याच लक्षात आला नाही. आठवड्यानं वॉर्निश लावायला चित्र आडवं ठेवलं, तिरका उजेड पडला आणि तेव्हा तो दिसला. त्यांनी चिमट्यानं तो काढला. रंग पुरता वाळलेला नव्हता, त्यामुळे केस अलगद निघाला आणि त्याच्या जागी एक बारीक खाच राहिली. त्यावर वॉर्निश बसलं, चित्र गेलं. नमुन्याचा पहिला प्रिंट हाती आला तेव्हा केस पुन्हा समोर. फाइलमधून तो पुसून टाकणं दोन मिनिटांचं काम होतं. त्यांनी पुसला नाही. का, ते त्यांनी लिहिलं नव्हतं. एवढंच लिहिलं होतं की तो ब्रशचा केस नाही, त्या ब्रश वापरतच नाहीत. ते चित्र रंगवत होत्या त्या दिवसांत त्यांची म्हातारी कुत्री पायाशी बसून असायची. चित्र गेलं त्याच्या दुसऱ्या महिन्यात तीही गेली.

पत्र मी दोनदा वाचलं आणि उठून टेबलापाशी गेले.

म्हणजे पाच फुटांच्या त्या कॅनव्हासवर, कुणाच्या तरी दिवाणखान्यात, आज हा केस नाही. तिथे खाच आहे, ती शोधायला हवी, आणि तिच्यात केस होता हे ते चित्र ज्यांच्याकडे आहे त्यांना माहीतही नसेल. केस आहे तो फक्त या तीस कागदांवर. मी इतके दिवस मूळ चित्राला जे आहे ते माझ्याकडे नाही, याचा हिशेब मांडत होते. रंगाचा उंचवटा नाही, नाइफच्या ओढीची धार नाही, पाच फुटांचा पसारा नाही. ते सगळं खरंच आहे, अजूनही आहे. मोठ्या चित्रासमोर उभं राहायची ओढ माझी गेलेली नाही आणि कधी संधी मिळाली तर मी जाईन. पण चित्र वाळायच्या आतला, वॉर्निशच्या आधीचा एक आठवडा त्या चित्राकडेच उरलेला नाही. तो इथे आहे, माझ्या टेबलावर, ठिपक्यांत. आणि पायाशी एक कुत्री बसली आहे.

फ्रेम करायला दिलं तेव्हा मी जरा जास्तच सूचना दिल्या. माउंट बोर्ड, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, आम्लविरहित हवं, इतकं जाड की काच कागदाला टेकणार नाही, नाहीतर दमट दिवसांत शाई काचेला चिकटते. कागद चारी बाजूंनी चिकटवायचा नाही, वरच्या कडेलाच जपानी कागदाच्या दोन पट्ट्या आणि गव्हाच्या खळीनं टांगायचा, म्हणजे हवेप्रमाणे तो फुगू-आक्रसू शकतो. काच अतिनील किरण अडवणारी. चौकट लाकडाची, बारीक, रंग न दिलेली. फ्रेम करणाऱ्या काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, कागद उजेडाला धरला आणि म्हणाले, "इथे केस पडलाय, काढून घेऊ?" मी इतक्या घाईनं नको म्हटलं की ते थबकले. मग त्यांनी कागद तसाच किंचित कलता केला, केसाशेजारची रेघ त्यांना दिसली असणार, कारण एक क्षण त्यांची नजर तिथे थांबली. त्यांनी काही विचारलं नाही. काचेमागे गेल्यावर दिसणार नाही, एवढंच म्हणाले.

चित्र आता खिडकीच्या समोर नाही, बाजूच्या भिंतीवर आहे, थेट ऊन पोचत नाही तिथे. सकाळी खालचा हिरवा रंग उठून येतो आणि वरचा विस्तार मागे सरतो. दुपारी सगळं सपाट, नुसता रंगवलेला कागद, त्या वेळी मी त्याच्याकडे पाहतही नाही. रात्री खोलीतल्या दिव्याखाली करडा रंग किंचित जांभळट होतो. पडद्यावर पाहिलेलं चित्र कधीच बदलत नव्हतं, त्याचा उजेड त्याच्या आतून यायचा. हे बाहेरच्या उजेडावर जगतं. ढगाळ दिवशी मला मधला पट्टा पाणी वाटतो, उघडीप असली की शेत. आईनं परवा जाता जाता त्याला "ते तुझं पलीकडचं" असं म्हटलं आणि तेव्हापासून घरात त्याचं तेच नाव पडलं आहे.

भाची आली की आधी तिकडे जाते. काचेवर बोट ठेवून केस आहे ना ते पाहते, मग सूर्य वर आला का ते विचारते. आज पहाटे मला लवकर जाग आली. दिवा लावला नाही. खोलीत जेमतेम उजाडत होतं आणि चौकटीत खाली काळपट, मधे एक चिंचोळी फट, वर करडं एवढंच होतं. मी जवळ गेले, केस कुठे होता ती जागा बोटानं शोधली. काच गार लागली.